ड्रोन-सर्वेक्षणातील माहितीचे कॅड प्रणालीसाठी रूपांतर : संगमनेर परिसराच्या संदर्भात विवेचन

सारांश :
ड्रोनद्वारे घेतलेली छायाचित्रे ही स्वतः नकाशा नसतात आणि त्यांपासून तयार झालेला नकाशा हा स्वतः अभियांत्रिकी आराखडा नसतो. या दोहोंच्या मध्ये रूपांतराच्या अनेक पायऱ्या आहेत. प्रत्येक पायरीवर स्थान, उंची, एकक किंवा अर्थ यांपैकी काहीतरी गळून पडण्याचा संभव असतो. प्रस्तुत लेखात या पायऱ्यांचे स्वरूप, त्यांतील नेहमीच्या चुका आणि त्या ओळखण्याच्या पद्धती यांचे विवेचन संगमनेर परिसरातील उदाहरणांच्या आधारे केले आहे.

बीजसंज्ञा : ड्रोन, बिंदुमेघ, प्रक्षेपण, समोच्च रेषा, कॅड, गावठाण भूमापन

१. प्रस्तावना

महाराष्ट्रातील जमीन-मोजणीची परंपरा दीर्घ आहे. मुंबई इलाख्याच्या महसुली मोजणीत ३३ फुटांची साखळी वापरली जात असे व तिचे १६ आणे पाडलेले असत. एक साखळी लांब व एक साखळी रुंद जागा म्हणजे एक गुंठा, अर्थात १,०८९ चौरस फूट किंवा १०१.१७ चौरस मीटर. जागेवर केलेल्या या मोजमापांचे टिपण आणि त्यावरून काढलेला ग्रामनकाशा यांच्यावर आजही शेतजमिनीच्या हद्दींचा निर्णय अवलंबून असतो. साखळीनंतर फलकयंत्र, थिओडोलाइट, टोटल स्टेशन आणि उपग्रहाधारित रोव्हर ही साधने आली. या मालिकेतील अलीकडचे साधन म्हणजे ड्रोन होय.

२४ एप्रिल २०२० रोजी केंद्र शासनाने स्वामित्व योजनेचा प्रारंभ केला. गावठाणातील घरांना सातबारा उतारा नसतो. तेथील मिळकतींचे नकाशे व अभिलेख तयार करणे हा या योजनेचा हेतू आहे. योजनेपूर्वीच महाराष्ट्राच्या भूमी अभिलेख विभागाने भारतीय सर्वेक्षण विभागाच्या सहकार्याने पुणे जिल्ह्याच्या पुरंदर तालुक्यातील सोनोरी या गावी ड्रोनद्वारे गावठाण मोजणीचा प्रयोग केला होता. योजनेत गावठाणांचे नकाशे १:५०० या परिमाणात तयार होतात आणि महाराष्ट्रात मिळकतधारकास सनद दिली जाते. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ मधील गावठाण भूमापनाविषयीच्या तरतुदींचा आधार या कामास आहे.

२५ ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांमुळे हरित क्षेत्रात १२० मीटर उंचीपर्यंतच्या उड्डाणास पूर्वपरवानगीची गरज उरली नाही. त्यामुळे हे तंत्र शासकीय विभागांबाहेर महाविद्यालये आणि खाजगी अभियंते यांच्याही हाती आले. विमानतळाच्या सीमेपासून १२ किलोमीटरच्या आतील भागात मात्र मर्यादा अधिक कडक आहेत. काकडी येथील शिर्डी विमानतळ संगमनेरपासून फार दूर नसल्याने तालुक्याच्या त्या बाजूस उड्डाण करण्यापूर्वी क्षेत्रनकाशा पाहणे आवश्यक ठरते.

उड्डाण सुलभ झाले, परंतु त्यानंतरचे काम सुलभ झाले नाही. स्थापत्य अभियंता, नगररचनाकार व भूकरमापक यांचे काम मुख्यतः कॅड आज्ञावलीत चालते आणि ड्रोनपासून मिळणारी माहिती त्या आज्ञावलीला जशीच्या तशी पचत नाही.

२. ड्रोनपासून काय मिळते?

उड्डाणातून हाती येतात ती केवळ एकमेकांवर आच्छादित होणारी छायाचित्रे. १३.२ मिलिमीटर रुंदीचा संवेदक, ८.८ मिलिमीटर नाभीय अंतर आणि ५,४७२ × ३,६४८ पिक्सेलचे चित्र देणारा कॅमेरा १०० मीटर उंचीवरून खाली पाहत असेल, तर एका छायाचित्रात १५० × १०० मीटर जमीन सामावते आणि एक पिक्सेल जमिनीवरील सुमारे २.७४ सेंटिमीटर अंतराचा असतो. उड्डाणदिशेने ८० टक्के व बाजूने ७० टक्के आच्छादन ठेवल्यास प्रत्येक छायाचित्र ९०० चौरस मीटर नवी जमीन टिपते. म्हणजेच १० हेक्टर क्षेत्रासाठी सुमारे ११० आणि कडांवरील जादा धरून त्याहून बरीच अधिक छायाचित्रे लागतात.

एकच बिंदू अनेक छायाचित्रांत वेगवेगळ्या कोनांतून दिसतो. या कोनांवरून त्याचे त्रिमितीय स्थान गणिताने काढले जाते. या प्रक्रियेतून मुख्यतः तीन गोष्टी निर्माण होतात. पहिली बिंदुमेघ, म्हणजे क्ष, य आणि उंची असलेल्या कोट्यवधी बिंदूंचा संच. तो लॅस किंवा लॅझ स्वरूपात साठवतात. दुसरी उंचीचे प्रतिमान; यात प्रत्येक चौकटीस एक उंची असते. तिसरी ऑर्थोमोझेक, म्हणजे कलदोष व उंचीदोष काढून जोडलेले एकसंध चित्र. ते प्रायः जिओटिफ स्वरूपात असते. ओपनड्रोनमॅपसारख्या मुक्त आज्ञावलीही ही तिन्ही उत्पादने देतात. त्यामुळे महाविद्यालयीन प्रयोगशाळेस महागड्या परवान्याची अट राहत नाही.

३. मूळ अडचण : चित्र आणि रेषा

कॅड प्रणालीचा पाया रेषा हा आहे. भिंत ही रेषा, रस्त्याची कड ही रेषा, समोच्च रेषा ही उंची धारण करणारी रेषा. उलटपक्षी ऑर्थोमोझेकमध्ये रेषा नसतात; तेथे फक्त रंगीत पिक्सेल असतात. वर सांगितलेल्या १० हेक्टर क्षेत्राच्या चित्रात सुमारे १३.३ कोटी पिक्सेल असतात आणि संक्षेप न केल्यास ते चित्र सुमारे ४०० मेगाबाइट जागा व्यापते. बिंदुमेघाची स्थितीही तशीच आहे. मूळ चित्राच्या निम्म्या विभेदनाने गणन केले तरी दर चौरस मीटरला तीनशेहून अधिक बिंदू आणि १० हेक्टरला तीन कोटींहून अधिक बिंदू मिळतात.

म्हणून येथे ‘रूपांतर’ या शब्दाचे दोन अर्थ लक्षात घ्यावे लागतात. फाइलचे स्वरूप बदलणे हा पहिला अर्थ. चित्रातून रेषा, आणि रेषेतून वस्तू निश्चित करणे हा दुसरा. पहिले काम यंत्र करते. दुसऱ्या कामात मानवी निर्णय असतो, आणि खरी जबाबदारीही तेथेच आहे.

४. प्रत्येक उत्पादनाचे रूपांतर

(अ) ऑर्थोमोझेक : जिओटिफमध्ये चित्राबरोबरच त्याचे भौगोलिक स्थान नोंदलेले असते. सर्वसाधारण ऑटोकॅडमध्ये चित्र जोडण्याची नेहमीची आज्ञा ही नोंद वाचत नाही आणि चित्र भलत्याच जागी व भलत्याच आकारात येते. मॅप थ्रीडी किंवा सिव्हिल थ्रीडी या आवृत्त्या मात्र ती नोंद वाचतात. पर्यायी मार्ग म्हणजे चित्रासोबत टीएफडब्ल्यू ही लहानशी मजकूर-फाइल तयार करणे. तिच्यात सहाच ओळी असतात : पिक्सेलची रुंदी, परिवलनाच्या दोन संख्या, पिक्सेलची उंची ऋण चिन्हासह, आणि डाव्या वरच्या पिक्सेलच्या मध्याचे पूर्वांक व उत्तरांक. या सहा ओळी समजल्या की चित्र हाताने मोजूनही योग्य स्थानी बसवता येते. मोठे चित्र तुकड्यांत विभागून जोडावे.

(आ) उंची व समोच्च रेषा : उंचीच्या प्रतिमानापासून क्यूजीआयएस किंवा जीडाल या मुक्त साधनांनी समोच्च रेषा काढता येतात आणि त्या डीएक्सएफ स्वरूपात निर्यात करता येतात. डीएक्सएफ हे स्वरूप ऑटोडेस्कने १९८२ मध्ये ऑटोकॅडबरोबर प्रसृत केले. बहुतेक कॅड आज्ञावली ते वाचतात. येथील नेहमीची चूक अशी की रेषेची उंची केवळ माहिती-तक्त्यातील रकान्यात राहते, रेषेच्या भूमितीत येत नाही. डीएक्सएफ माहिती-तक्ता वाहून नेत नसल्याने सर्व समोच्च रेषा शून्य उंचीवर सपाट पडतात. निर्यात करतानाच रेषा त्रिमितीय असल्याची खातरजमा करावी.

(इ) पृष्ठभाग : मातीकामाच्या गणनेसाठी त्रिकोणजाळ आवश्यक असते. ते लँडएक्सएमएल या स्वरूपात नेता येते. कोट्यवधी बिंदूंचे जाळे मात्र कोणतीही प्रणाली सहज पेलू शकत नाही. बिंदू एक मीटरच्या जाळीवर विरळ केल्यास १० हेक्टरला सुमारे एक लाख बिंदू उरतात. केवळ यांत्रिक विरळीकरणाने मात्र शेताचा बांध, ओढ्याचा काठ व रस्त्याच्या भरावाची कड बोथट होते. या कडा स्वतंत्र त्रिमितीय रेषांच्या रूपाने आखून त्या जाळ्यात समाविष्ट कराव्यात.

(ई) बिंदुमेघ : ऑटोडेस्कच्या प्रणालींत बिंदुमेघ थेट लॅस स्वरूपात न जोडता रिकॅप आज्ञावलीतून आरसीएस किंवा आरसीपी स्वरूपात आणला जातो. तत्पूर्वी बिंदूंचे वर्गीकरण करणे हिताचे. लॅस स्वरूपात जमिनीस २, वनस्पतीस ३ ते ५, इमारतीस ६ व पाण्यास ९ असे संकेतांक ठरलेले आहेत.

५. स्थान-संदर्भ : सर्वांत महागडी चूक

ड्रोनचा उपग्रह-संवेदक अक्षांश-रेखांश देतो. कॅड प्रणालीस मीटरमधील सपाट प्रतल हवे असते. त्यासाठी प्रक्षेपण निवडावे लागते. संगमनेर हे सुमारे १९.५७ अंश उत्तर व ७४.२ अंश पूर्व येथे असल्याने ते डब्ल्यूजीएस ८४ संदर्भातील यूटीएमच्या ४३ उत्तर या पट्ट्यात येते. तेथे पूर्वांक सुमारे ४,१७,००० मीटर व उत्तरांक सुमारे २१,६४,००० मीटर येतो. रेखांकनातील आकडे या आसपास नसतील, तर कोठेतरी चूक आहे असे समजावे. बिंदूंची यादी देताना सर्वेक्षक प्रायः उत्तरांक आधी लिहितात, कॅड मात्र क्ष म्हणजे पूर्वांक आधी मागते. हा क्रम उलटला की संपूर्ण गाव आरशातील प्रतिबिंबासारखे दिसते.

मोठ्या आकड्यांमुळे आणखी एक सूक्ष्म दोष उद्भवतो. काही त्रिमितीय स्वरूपे व दर्शक-आज्ञावली संख्या ३२ बिटांत साठवतात. या पद्धतीत २१,६४,००० च्या आसपासच्या लगतच्या दोन संख्यांमध्ये ०.२५ मीटर अंतर असते. म्हणजेच २.७४ सेंटिमीटरच्या पिक्सेलपासून मिळालेला बिंदू थेट २५ सेंटिमीटरच्या पायरीवर जाऊन बसतो आणि भिंती दातेरी दिसू लागतात. यावर उपाय म्हणजे सर्व फाइलींमधून एकच ठरावीक संख्या वजा करणे. ती संख्या रेखांकनावर ठळकपणे लिहून ठेवली नाही, तर पुढील वापरकर्त्यास मूळ स्थान कधीच सापडणार नाही.

प्रक्षेपणाचा तिसरा परिणाम क्षेत्रफळावर होतो. ४३व्या पट्ट्याचा मध्यरेखांश ७५ अंश असून तेथे मापन-गुणक ०.९९९६ आहे. संगमनेर त्या रेखांशापासून सुमारे ८३ किलोमीटर पश्चिमेस असल्याने तेथे हा गुणक सुमारे ०.९९९६८ होतो. जमिनीची उंची विचारात घेतल्यावर एकत्रित गुणक ०.९९९६१ च्या जवळपास येतो. याचा अर्थ असा की जमिनीवर टोटल स्टेशनने मोजलेले एक किलोमीटर अंतर रेखांकनात सुमारे ३९ सेंटिमीटरने कमी भरते आणि एक हेक्टर क्षेत्र सुमारे ८ चौरस मीटरने कमी भरते. घराच्या आराखड्यात हा फरक नगण्य आहे. परंतु १० किलोमीटरच्या कालव्यात तो चार मीटरांच्या जवळ जातो. एकाच प्रकल्पात ड्रोन आणि टोटल स्टेशन या दोहोंची मापे मिसळताना कोणते अंतर जमिनीवरील व कोणते प्रक्षेपणावरील हे स्पष्ट केले नाही, तर दोन्ही मापे अचूक असूनही जुळत नाहीत.

६. उंचीचा प्रश्न आणि कालव्यांचा प्रदेश

उपग्रहावरून मिळणारी उंची ही पृथ्वीच्या गणिती गोलाभापासूनची असते, समुद्रसपाटीपासूनची नव्हे. महाराष्ट्रात या दोन उंचींमधील तफावत साधारणपणे ६० ते ७० मीटरांच्या घरात आहे आणि समुद्रसपाटीची उंची ही गोलाभीय उंचीपेक्षा अधिक येते. इतकी मोठी चूक कोणाच्याही नजरेत भरते. अधिक धोकादायक आहे ती अर्धवट दुरुस्ती. ही तफावत ठिकाणपरत्वे बदलते. संपूर्ण प्रकल्पात एकच स्थिर संख्या मिळवली, तर लांब पट्ट्यात एका टोकाशी जुळलेली उंची दुसऱ्या टोकाशी जुळत नाही.

प्रवरा खोऱ्यात या मुद्द्यास विशेष महत्त्व आहे. १९२६ मध्ये पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाचे पाणी संगमनेर तालुक्यातील ओझर बंधाऱ्यापासून कालव्यांत वळवले जाते. निळवंडे धरणाच्या डाव्या कालव्याचे लोकार्पण २६ ऑक्टोबर २०२३ रोजी झाले. अशा प्रदेशात वितरिका आणि शेतचाऱ्या यांच्या आखणीसाठी ड्रोनच्या नकाशांचा उपयोग होणे स्वाभाविक आहे. १:५,००० उताराची चारी एका किलोमीटरला केवळ २० सेंटिमीटर उतरते. त्या अंतरात उंचीची चूक १० सेंटिमीटरची असेल, तर निम्मा उतार संशयास्पद ठरतो, आणि चूक २० सेंटिमीटरची असेल, तर रेखांकनात वाहणारे पाणी प्रत्यक्षात टोकाच्या शेतापर्यंत पोहोचणार नाही. म्हणून ज्ञात तलचिन्हापासून तलेक्षण करून ड्रोनच्या उंचीची पडताळणी करणे ही औपचारिकता नाही. टोकाच्या शेतकऱ्याच्या पाण्याचा तो प्रश्न आहे.

याशिवाय ड्रोनचा कॅमेरा जे दिसते त्याचीच उंची देतो. उभ्या उसात त्याला जमीन दिसत नाही, तर पिकाचा शेंडा दिसतो. अशा शेतावरून काढलेल्या समोच्च रेषा दोन-तीन मीटरांचा एक काल्पनिक चौथरा दाखवतात. आज्ञावलीतील जमीन-वर्गीकरण विरळ झाडांच्या बाबतीत उपयोगी पडते, कारण आजूबाजूला जमीन दिसत असते. सलग दाट पिकात तिला आधारच मिळत नाही. म्हणून रब्बीची काढणी उरकल्यानंतर व पावसाळ्यापूर्वी उड्डाण करणे श्रेयस्कर. उसाच्या क्षेत्रात लेसर-संवेदक किंवा प्रत्यक्ष तलेक्षण यांची जोड द्यावी.

७. रेषा कोणाची? गावठाणातील वळचण

गावठाणाच्या नकाशात वरून दिसणारी कड ही छपराची असते, भिंतीची नव्हे. उदाहरणार्थ, भिंतींच्या बाहेरच्या बाजूने ८ × ६ मीटर असलेल्या घराचे क्षेत्र ४८ चौरस मीटर आहे. चारही बाजूंनी ४५ सेंटिमीटर वळचण असल्यास छपराचे क्षेत्र ८.९ × ६.९ म्हणजे ६१.४ चौरस मीटर भरते. वाढ जवळपास २८ टक्क्यांची आहे. रेखांकन करणाऱ्या विद्यार्थ्याने किंवा स्वयंचलित आज्ञावलीने छपराची कड हीच मिळकतीची हद्द मानली, तर एका घराची वळचण शेजाऱ्याच्या बोळात अथवा सार्वजनिक रस्त्यावर हद्द म्हणून नोंदली जाईल. पागोळ्यांच्या पाण्यावरून होणारे गावोगावचे तंटे विचारात घेता ही तांत्रिक बाब किती गंभीर आहे हे लक्षात येईल.

स्वामित्व योजनेत उड्डाणापूर्वी मिळकतीच्या हद्दी चुन्याने आखण्याची पद्धत आहे, ती याच कारणास्तव. चुन्याची रेघ ही धारक, शेजारी व ग्रामपंचायत यांच्या उपस्थितीत जमिनीवर काढलेली रेषा असते. छायाचित्र केवळ तिची नोंद घेते. चित्रावरून आपल्या मनाने काढलेली रेषा आणि जागेवर संमतीने आखलेली रेषा यांत मूलभूत भेद आहे. कॅडमध्ये मात्र दोन्ही सारख्याच जाडीच्या व सारख्याच निश्चयी दिसतात. म्हणून छपराची कड, जागेवर मोजलेली भिंत, चुन्याची हद्द व जुन्या अभिलेखावरून घेतलेली हद्द या चार गोष्टी चार स्वतंत्र स्तरांवर ठेवाव्यात आणि स्तराच्या नावातच उगम नमूद करावा.

डीएक्सएफमध्ये माहिती-तक्ता टिकत नसल्याने मिळकत क्रमांक हा रेखांकनात मजकूर म्हणून उमटवावा आणि उर्वरित माहिती त्याच क्रमांकाने स्वतंत्र तक्त्यात ठेवावी. देवनागरी नावांच्या बाबतीत युनिकोड टंक वापरणे आवश्यक आहे. ऑटोकॅडच्या पारंपरिक एसएचएक्स टंकांत देवनागरी नसल्याने नावांच्या जागी प्रश्नचिन्हे उमटतात, आणि युनिकोडपूर्व टंकांत लिहिलेली नावे दुसऱ्या संगणकावर निरर्थक अक्षरांत बदलतात. ज्याच्या नावाने सनद निघावयाची, त्याचे नावच वाचता न येणे हा किरकोळ दोष म्हणता येणार नाही.

८. पडताळणी

रूपांतर पूर्ण झाल्यावर पुढील तपासण्या कोणत्याही महाविद्यालयास सहज करता येतील.

१) जमिनीवर मोजलेल्या काही नियंत्रण-बिंदूंपैकी निवडक बिंदू गणनेत न वापरता राखून ठेवावेत. अंतिम रेखांकनात ते बिंदू टाकून चित्रावरील खुणांशी त्यांचे अंतर मोजावे. गणनेत वापरलेल्याच बिंदूंवर तपासणी केल्यास चूक नेहमीच लहान दिसते.

२) फीत किंवा टोटल स्टेशनने मोजलेले एक अंतर रेखांकनात मोजून पाहावे. ते हजारपट भिन्न आल्यास मीटर व मिलिमीटर यांचा घोळ झालेला असतो. किंचित भिन्न आल्यास प्रक्षेपण-गुणकाचा विचार करावा.

३) तलेक्षणाने उंची ठरवलेली किमान दोन परस्परांपासून दूर असलेली स्थाने तपासावीत. एकाच स्थानावरून कलाची चूक उघड होत नाही.

४) रेखांकनाच्या कोपऱ्यात प्रक्षेपण, पट्टा, उंचीचा संदर्भ, वजा केलेली संख्या, उड्डाणाचा दिनांक आणि तपासणीतील चूक ही माहिती लिहावी. मूळ छायाचित्रे व नियंत्रण-बिंदूंची यादी जतन करावी.

१:५०० परिमाणाच्या कागदावर ०.२ मिलिमीटरची रेघ जमिनीवर १० सेंटिमीटर होते. कॅडच्या पडद्यावर मात्र कितीही जवळ जाता येते आणि रेघ कधीच जाड होत नाही. त्यामुळे दशांश चिन्हानंतरचे चार अंक पाहून अचूकतेचा भास होतो. जुन्या ग्रामनकाशावर ही मर्यादा कागदाने स्वतःच सांगितली होती. आता ती रेखांकन करणाऱ्याने लिहून सांगावी लागते.

९. समारोप

ड्रोनपासून कॅडपर्यंतच्या प्रवासात फाइलीचे स्वरूप बदलणे हा सर्वांत सोपा भाग आहे. स्थानाचा संदर्भ टिकवणे त्याहून कठीण, उंचीचा अर्थ टिकवणे आणखी कठीण, आणि प्रत्येक रेषा कशाच्या आधारे काढली हे सांगणे सर्वांत कठीण आहे. या विषयात स्थापत्य अभियांत्रिकी, भूगोल, संगणकशास्त्र व महसूल कायदा यांचा संबंध येत असल्याने तो कोणत्याही एका विभागाने एकट्याने शिकवावा असा नाही. भूगोलाच्या विद्यार्थ्याने प्रक्षेपण तपासावे, अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने तलेक्षण करावे, आणि दोघांनी मिळून गावात जाऊन भिंत व वळचण यांतील अंतर फितीने मोजावे, असा एखादा संयुक्त प्रकल्प संगमनेरसारख्या ठिकाणी सहज शक्य आहे. टिपण लिहिणारा भूकरमापक साखळी स्वतः बांधावर ओढत असे. त्यामुळे आपली रेषा कोठून आली हे त्याला ठाऊक असे. ड्रोनच्या साहाय्याने रेखांकन करणाऱ्यासही ते ठाऊक असावे, एवढीच अपेक्षा आहे.